गिड्डी कुणाला बघत होती

"डाल! अगे डाल ना! रिंग सामने है तेरे, उधर किसकू देखरई?"

ओरडत होते एका ज्युनियर कॉलेजचे पी.टी. सर. तोंडातली शिट्टी निसटून गळ्यात लोंबकळत होती, डोक्यावरची टोपी हातात आली होती आणि ती टोपी ते मांडीवर अशी आपटत होते की अंबरपेठेच्या त्या मैदानावर धुळीचं वादळच उठलं. निम्म्या प्रेक्षकांना शिंका आल्या. प्रेक्षक म्हणजे तरी कोण, खेळणाऱ्या पोरींच्या दोन-चार आया, सावलीला टेकलेला एक रिक्षावाला आणि त्याच्यापेक्षा जास्त लक्ष देऊन सामना बघणारी एक बकरी.

मीही ओरडत होते. माझा त्या टीमशी काही संबंध नव्हता, पण बास्केटबॉलचं कोर्ट दिसलं की माझा घसा कुणाची परवानगी मागत नाही. आवाज असा की मी अंबरपेठेत "पास!" म्हणून ओरडले की काचीगुड्याला उभी असलेली गाडी सुटायची. स्टेशनमास्तर एकदा स्वतः येऊन हात जोडून गेला. म्हणाला, अम्मा, निदान टाइमटेबल बघून तरी ओरडा.

तर शेवटचे काही क्षण उरले होते. सरांची टीम एका पॉइंटनं मागं. बॉल एका बुटक्या, सावळ्या पोरीच्या हातात. दोघींना चकवून ती रिंगच्या पुढ्यात आलेली, मधे कुणी नाही. आणि ही बया रिंगकडं बघायची सोडून डावीकडच्या कोपऱ्यात बघत होती. तिथं चष्म्याला दोरी बांधलेली एक पोरगी ओढणीनं घाम पुसत उभी होती. अख्ख्या सामन्यात तिच्या हाताला बॉल लागला नव्हता. तिलाही आता तो लागेल अशी आशा नसावी. आणि नेमका तिच्याकडं बॉल गेला. कुणाचं तान्हं मूल अचानक हातात यावं तसा तिनं तो धरला, डोळे मिटले आणि फेकला. बॉल रिंगच्या कडेवर बसला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि बाहेर पडला.

शिट्टी झाली. सरांनी टोपी जमिनीवर टाकली आणि तिच्यावर पाय दिला. चष्मेवाली रडायला लागली. बुटकी तिच्या पाठीवर थाप मारून पाण्याच्या बाटल्या गोळा करायला निघून गेली.

मी काही तिला बघायला आले नव्हते. मी आले होते जिंकलेल्या टीमच्या सेंटरला, म्हणजे रिंगखाली उभ्या राहणाऱ्या पोरीला, बघायला. ती पोरगी एवढी उंच की मैदानाच्या कडेच्या लिंबावर घरटं करणाऱ्या पक्ष्यांनी तिच्याशी सल्लामसलत करावी. मनातल्या मनात मी दोघींची नावं ठेवून टाकली, लांबी आणि गिड्डी.

मी तेव्हा हैदराबादच्या एका मुलींच्या डिग्री कॉलेजात फिजिकल डायरेक्टर होते. आमच्याकडं सगळे 'पी.डी. मॅडम' म्हणत. हैदराबादेत नवा वारा सुटला होता तो काळ. कोठीपासून बरकतपुऱ्यापर्यंत गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लास निघत होते. बाहेर दाराशी चपलांचा ढीग आणि आत गार हवा. देवळात नाही एवढ्या श्रद्धेनं पोरं अनवाणी आत जात. केबलवर अमेरिकेचा बास्केटबॉल दिसायला लागला होता आणि आमच्या पोरी ती उडणारी माणसं बघून येऊन मला विचारायच्या, मॅडम, हे खरं असतं का? मी म्हणायची, हे तर काहीच नाही, मी तर...

आमच्या कॉलेजातही कॉम्प्युटरचा डिग्री कोर्स सुरू झाला होता. त्याच्या जागांवर आईबाप तुटून पडत. त्यातली एक जागा, फक्त एक, खेळाडूसाठी. नापास पोरगी चालत नसे, पण मार्क थोडे कमी असले तरी खेळाच्या जोरावर आत येता येई. ती मुलगी कोण, हे प्रिन्सिपल मॅडम ठरवत आणि कुणाला बघायचं ते मी सांगत असे. बारावीच्या, म्हणजे आमच्याकडं इंटरच्या, पोरी बघत मी सगळ्या हैदराबाद-सिकंदराबादेत फिरायची. सिटी बसच्या कंडक्टरला वाटे, मी पोरीबाळी बघायला निघालेली लग्न जुळवणारी बाई आहे. त्यानं आपल्या भाच्याचा फोटो दाखवला होता मला.

पोरीला जोखायची माझी एक पद्धत होती. बॉलकडं बघायचंच नाही. बॉल कुठं चाललाय ते बकरीलाही कळतं. गार्डला, म्हणजे बॉल पुढं आणून दुसरीच्या हातात देणारीला, बघायचं तर तिचं डोकं बघायचं. बॉलला टप्पे देताना मान खाली जाते का? चूक झाल्यावर खांदे पडतात का? पळत माघारी येते का चालत? त्या हिशेबानं गिड्डीचं मी मनात सगळं मांडलं. डावा हात कच्चा. उंची माझ्या कानापर्यंत. वेग बरा, फार नाही. रिंगवर बॉल टाकायची तऱ्हा म्हणजे आनंदच, खांद्यावरून गोणी फेकल्यासारखी. पण मान? सबंध सामन्यात तिची मान एकदाही खाली गेली नव्हती. बॉल तिच्या हाताखाली पाळलेल्या मांजरासारखा चालत होता आणि ती स्वतः दुसरंच काही बघत होती.

काय बघत होती, हा प्रश्न मला चावायला लागला. कारण नंतर मला आठवलं, शेवटच्या क्षणी लांबी तिच्या मागून झेपावत होती. गिड्डीनं स्वतः मारला असता तर लांबीनं तो बॉल टोलवून थेट मूसी नदीत घातला असता. मग हे गिड्डीला कळलं होतं म्हणून तिनं कोपऱ्यातली मोकळी पोरगी शोधली? का बिचारीला दिवसभर एकदाही बॉल मिळाला नाही म्हणून दया आली? पहिलं असेल तर ती जन्मजात गार्ड. दुसरं असेल तर ती चांगल्या घरची मुलगी. आणि चांगल्या घरच्या मुलींनी सामने जिंकल्याचं मी तरी बघितलेलं नाही.

मी स्वतः गार्ड होते. खेळायची तेव्हाच्या माझ्या गोष्टी कॉलेजात प्रसिद्ध होत्या. मी अर्ध्या कोर्टावरून मारलेला बॉल रिंगमधून जाऊन पंचाच्या डोक्यावर पडला आणि त्याला मागच्या जन्मातलं तेलुगू आठवलं, ही गोष्ट तर पोरी परत परत सांगायला लावत. प्रॅक्टिस संपली की मी पायरीवर बसून सुरू करायची. गोष्ट लांबली की पोरी लांबत, आणि पोरी लांबल्या की संध्याकाळ लांबायची. बसची वेळ झालेली एखादी चुळबुळ करायला लागली की मी गोष्टीत एक वाघ आणायची. बास्केटबॉलच्या गोष्टीत वाघ आणणं सोपं नाही. पण घरी लवकर जाण्यापेक्षा सोपं होतं.

घर म्हणजे बरकतपुऱ्यात एका घराचा वरचा पोर्शन. आई-वडील गेलेले. भाऊ पुण्याला, दिवाळीला त्याचा फोन खाली मालकांकडं यायचा आणि मालकीण जिन्यातून हाक मारायची. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून मोठा आवाज निघत नसे. काचीगुड्याच्या गाड्या रविवारी आपापल्या वेळेवर सुटत. एकटीच्या स्वयंपाकाचं काय असतं, कुकर लावला, भात झाला, वरण झालं, उभ्याउभ्या जेवलं. तूप घालावं असं कधी वाटलं नाही. तूप घालायला ताट लागतं, पाट लागतो, समोर 'घे ना अजून' म्हणणारं कुणीतरी लागतं.

आणि माझ्या बास्केट मारल्याच्या गोष्टी सगळ्या खोट्या होत्या, हे आता इथं म्हणायला हरकत नाही. पासच्या मात्र खऱ्या. पण पासची गोष्ट ऐकायला कुणी थांबत नाही.

हनुमान जयंतीला आमच्या मराठी मंडळींचा महाप्रसाद असायचा. हॉल भरून पंगत. जुन्या निजामी मुलखातून येऊन इथंच मुरलेली घरं आणि पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी नव्यानं आलेली घरं एकाच रांगेत बसत. पुणेकर पुरीबरोबर इथला चिंच-मसाल्यातल्या वांग्यांचा बगारा बैंगन बघून बिचकत आणि आमची माणसं त्यांच्याकडं बघून हसत. वर्षातला तो एक दिवस मी पाटावर बसून जेवायची. नेहमी शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागं. ओळखीचं कुणी शेजारी बसलं की विचारतं, एकट्याच आलात? खांब विचारत नाही.

खांबाचा तोटा एवढाच की वाढपी विसरतात. त्या वर्षीही भात आला, वरण आलं आणि तूप गेलं तिकडच्या तिकडं. आपल्यात तूप पडल्याशिवाय हात घालत नाहीत. सगळी पंगत थांबलेली, पुढं कुणीतरी श्लोक म्हणायला घसा साफ करत होतं. ओरडावं तर माझा आवाज असा की हनुमंतानं गदा टाकून कानावर हात ठेवले असते. कोरडाच कालवायचा, त्यात काय.

इतक्यात हॉलच्या दुसऱ्या टोकाला तुपाची तपेली घेतलेली एक मुलगी दिसली. ती रांगेनं वाढत चालली होती, पण ज्याला वाढत होती त्याच्या पानाकडं बघतच नव्हती. पळी आपली बरोबर भाताच्या मुदीवर ओणवी होई आणि डोळे पुढची चार पानं बघत. मान वर. तीच मान! गिड्डी!

आणि मग ती मधेच थांबली. रांग सोडली. दोन पंगतींच्या मधून, लोकांची पानं चुकवत, परकर आवरत ती तिरपी निघाली आणि सरळ माझ्या खांबाशी आली. मी हात वर केला नव्हता. मान वर केली नव्हती.

"तूप, मॅडम."

पळी ओतली, थांबली, अजून एक ओतली आणि गेली.

आता सांगते ते तिखटमीठ न लावता सांगते. मला तो भात बराच वेळ कालवता येईना. श्लोक संपला, लोक जेवायला लागले, पुणेकरांनी बगारा बैंगन परत मागितला, आणि मी आपली त्या तुपाकडं बघत बसलेली. भरलेल्या हॉलमध्ये, एवढ्या माणसांतून, खांबाआडची मी कुणाला तरी दिसले होते.

हात धुवायला गेले तर तिचे वडील पुढं आले. बेगम बाजारात त्यांचं मिरची-मसाल्याचं ठोक दुकान. बोलताना त्यांनाच शिंक येई आणि ते त्याची माफी मागत. "ताई, तुम्ही त्या कॉलेजच्या पी.डी. ना? पोरीनं सांगितलं, मॅच बघायला आल्ता म्हणून. हिनं कॉम्प्युटरचं येड घेतलंय डोक्यात. मार्कं थोडे कमी पडायलेत. खेळाचं एक सीट असतं म्हणे तुमच्याकडं?"

"असतं. एकच."

"नाही झालं तर आहेच आपलं बरकतपुऱ्यातलं, घराजवळचं कॉमर्स कॉलेज. दुकानातलं हिशोबाचं बघंल. परभणीहून स्थळं बी यायलीत." शिंकले. "माफ करा. पण पोरगी म्हणती, नक्को. तिला एकदा भाहेर पडू द्यावं वाटतंय मला."

गिड्डी रिकामी तपेली घेऊन मागं उभी होती. मी तिला विचारलं, "तुला काय पाहिजे गं? बास्केटबॉल का कॉम्प्युटर?"

"कॉम्प्युटर, मॅडम," ती लगेच म्हणाली. मग जरा विचार करून, "बास्केटबॉल तर येतंच."

इतकं सरळ उत्तर मला आजवर एकाही खेळाडूनं दिलं नव्हतं. सगळ्या म्हणत, मॅडम, खेळ म्हणजे माझा प्राण. आणि पहिल्या सेमिस्टरला प्राण सोडून जात.

दुसऱ्या दिवशी मी प्रिन्सिपल मॅडमसमोर जाऊन उभी राहिले. त्या केमिस्ट्रीच्या, तेलुगू, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्या इंग्रजीत बोलत, मी हिंदीत, आणि भांडण दोघी तेलुगूत करत असू. मी त्यांना सगळं सांगितलं. मान कशी वर असते, बॉल कसा न बघता चालतो, आणि तूप. तुपाचं सांगायला नको होतं.

"एमंडी पी.डी. मॅडम," त्या म्हणाल्या, "तूप चांगलं वाढते म्हणून मी तिला कॉम्प्युटरची जागा देऊ?"

"मॅडम, ती मोकळं माणूस बघते. हजारांत एकीला असली नजर असते."

"मागच्या वर्षी तुम्ही एक डावखुरी आणली होती. तिनं गोवळकोंड्यावरून बॉल फेकला तर हुसेनसागरात पडेल, म्हणाला होतात. ती इथल्या इथं रिंगपर्यंत पोचवू शकली नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्याच्या आधीची चारमिनारवरून उडी मारणार होती."

जे खरं होतं ते मी बोलले होते आणि ते माझ्याच तोंडून आल्यामुळं खोटं ठरत होतं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते येण्यासारखंही नव्हतं, कारण दुसऱ्या कुणी ते बघितलंच नव्हतं.

शेवटी त्याच म्हणाल्या, "दोघींनाही बोलवा. ती उंच मुलगी आणि ही तुपाची. मी स्वतः बघते."

आणि इथं मी माझी अक्कल चालवली. दोघींना एकमेकींविरुद्ध खेळवलं तर लांबी गिड्डीला झाकून टाकणार, हे उघड होतं. म्हणून मी दोघींना एकाच बाजूला घातलं. म्हटलं, गार्ड एकटी काय करणार, तिला शेवटचा हात नको का? लांबीसारखी रिंगखाली उभी असली की गिड्डीचे पास कसे उघडे दिसतील! इतकं नामी डोकं चालवल्याबद्दल मी त्या संध्याकाळी घरी स्वतःसाठी मिरची-भजी नेली.

ट्रायलच्या दिवशी प्रिन्सिपल मॅडमसाठी कोर्टाच्या कडेला खुर्ची आणि छत्री. गिड्डीचे वडील कंपाउंडच्या भिंतीबाहेर स्कूटरवर बसून होते, आत यायला संकोचत. मधूनच शिंक ऐकू येई. दोघींच्या बाजूला माझ्याच तीन जादा पोरी, समोर माझी कॉलेजची टीम.

सुरुवात झाली आणि देवा शप्पथ सांगते, तसा खेळ त्या कोर्टानं आधी बघितला नव्हता आणि नंतर बघितला नाही. गिड्डी बॉल घेऊन यायची, डावीकडं बघायची, माझ्या सगळ्या पोरी डावीकडं धावायच्या आणि बॉल उजवीकडून लांबीच्या हातात पोचलेला असायचा. लांबीला उडी मारावी लागत नव्हती. नुसते हात वर करायचे आणि सोडायचा. एकदा तर लांबीची पाठ होती. गिड्डीनं बॉल तिच्या खांद्यावरून पुढं असा घातला की लांबी वळली आणि बॉल तिच्या तळव्यात. लांबीनं स्वतःच दचकून बघितलं. मग टाकला. आत.

आणि मला उत्तर मिळालं. ही दया नव्हती. लांबीला काय कमी मिळालं होतं? पोट फुटेल एवढे बॉल मिळाले होते तिला. तरी परत तिलाच, कारण परत तीच मोकळी होती. माझ्या टीममधल्या दोघी लांबीला चिकटल्या तेव्हाच फक्त गिड्डीनं दुसरीला दिला, आणि तीही मोकळीच होती. अंबरपेठेत कोपऱ्यातल्या चष्मेवालीला दिलेला पास चांगुलपणाचा नव्हता. नजरेचा होता. माझी नजर बरोबर होती. मी खुर्चीशेजारी उभी राहून ओरडत होते, "बघा मॅडम! बघताय ना? बघा!"

"बघतेय," प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या. त्या टाळ्या वाजवत होत्या.

त्या बॉलकडं बघत होत्या. बॉल आत जात होता आणि तो आत घालणारी मुलगी सगळ्यांत उंच होती. तो कुठून आला, हे बघायला मान मागं वळवावी लागते. त्यांची मान एकदाही वळली नाही. मी जन्मभर गार्ड खेळलेली बाई. माझे पास कधी कुणी बघितले नाहीत म्हणून मला बास्केटच्या गोष्टी रचाव्या लागल्या, वाघ आणावे लागले. आणि तरी मला वाटलं होतं की हिचे बघतील.

शेवटी गिड्डी रिंगखाली एकटी सापडली. पुढ्यात कुणी नाही, मागं कुणी नाही. मी ओरडायचंच विसरले. गाड्या थांबल्या असाव्यात. तिनं मारला, गोणी फेकल्यासारखा. कडेला लागून बाहेर आला. लांबीनं तो वरच्या वर धरला आणि आत टाकला. प्रिन्सिपल मॅडम उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या.

"पी.डी. मॅडम, या वेळी तुम्ही खरंच चांगली मुलगी आणलीत," त्या छत्री मिटत म्हणाल्या. "उंच मुलीचे कागद माझ्याकडं पाठवा."

मी बोलले. बरंच बोलले, हिंदीत, मग तेलुगूत. हे सगळे बॉल त्या दुसरीनं दिले, ती नसती तर ही उंच मुलगी नुसता खांब होती, उद्या दोघींना वेगळं खेळवून बघा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही नेहमीच ओरडता, मॅडम," आणि ऑफिसकडं गेल्या. त्यांचं तरी काय चुकलं? ज्या आवाजात मी डावखुरीला गोवळकोंड्यावर चढवलं होतं, त्याच आवाजात हेही सांगत होते. दुसरा आवाज माझ्याकडं नव्हता.

लांबी गेली. जाताना गिड्डीला टाळी देऊन गेली, मनापासून. माझ्या पोरीही पांगल्या. आज गोष्ट सांगा म्हणून कुणी थांबलं नाही. कोर्टावर मी आणि पायरीवर बसून कॅनव्हासचे बूट सोडत असलेली गिड्डी. भिंतीबाहेर स्कूटर उभीच होती. वडील भिंतीवरून डोकावले, माझं तोंड बघितलं आणि परत खाली गेले. शिंकही आली नाही.

मी तिच्या शेजारी बसले. खरं तर माझ्याकडं गोष्ट तयार होती. प्रिन्सिपल मॅडमच्या डोळ्यात पाणी आलं, त्यांनी युनिव्हर्सिटीला तार करून जागा मागितली, तार वाटेत एका माकडानं पळवली, वगैरे.

"नाही झालं," मी म्हटलं.

"कळलं, मॅडम."

"तुला ठाऊक होतं ना, सीट एकच आहे?"

"हौ."

"आणि एक तर तुला मिळणार, नाहीतर तिला?"

"हौ, मॅडम."

"मग सगळे बॉल तिलाच का देत सुटलीस गं?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी विचारलं असावं की रिंग गोल का असते.

"मोकळी होती ना."

मी मान हलवली. जगात हे उत्तर ऐकून समाधान वाटेल अशी एकच बाई असेल आणि ती मीच, आणि माझ्या समाधानाचा तिला कवडीचा उपयोग नव्हता. तिनं बूट पिशवीत घातले, चपला चढवल्या. आता कॉमर्स, दुकान, परभणी. माझ्या मनात आलं, संध्याकाळी ये प्रॅक्टिसला, सीट नसली म्हणून काय झालं, बरकतपुऱ्यातच राहतेस, माझ्यासारखीच. पण मी म्हटलं ते वेगळंच.

"हनुमान जयंतीला मी खांबामागं बसले होते. कुणाला दिसत नव्हते. तू रांग सोडून, सगळा हॉल ओलांडून मला तूप वाढायला आलीस. आठवतं?"

ती पिशवीचे बंद धरून उभी राहिली. कपाळाला आठी घालून तिनं खरोखर आठवून बघितलं. मला वाईट वाटू नये असं तिला वाटत असावं, पण खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"मी तर सगळ्यांनाच वाढलं होतं, मॅडम."